सीटला अनुदान, कॅप्टनला नोटीस

इंदूरच्या जुन्या माणसांच्या तोंडात ‘विमानतळ’ हा शब्द अजून बसलेला नाही. ते एरोड्रम म्हणतात. बडा गणपतीवरून कालानी नगरकडे जाणारा रस्ता एरोड्रम रोड, आणि त्याच्या टोकाला, बिजासन टेकडीशेजारी, जिथे मी पहाटे साडेचारला युनिफॉर्म चढवून पोचतो ते एरोड्रम. लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीतले एक काका मला फाटकाशी गाठून हमखास विचारतात, ‘काय रे, अजून पंख्याचंच?’ पंख्याचं म्हणजे एटीआर. दोन बाजूंना सहा-सहा पात्यांचे पंखे, मागच्या दाराने चढायचं, सत्तरेक सीट. काकांच्या हिशेबात पंख्याचं विमान म्हणजे पॅसेंजर गाडी आणि जेट म्हणजे मुंबईची अवंतिका एक्स्प्रेस. हुशार मुलाने कधीतरी अवंतिकेत चढावं, एवढीच त्यांची साधी अपेक्षा.

याच काकांनी मला सांगितलं, आणि नंतर मी वाचून खात्रीही केली, की या एरोड्रमची जागा होळकर दरबाराने १९३५ मध्ये टाटांच्या माणसांशी सल्लामसलत करून ठरवली होती, आणि इथून ग्वाल्हेर, दिल्ली, मुंबईला विमानं सुरू झाली ती १९४८ च्या जुलैत. म्हणजे होळकरांच्या गावाहून शिंद्यांच्या गावाला जाणारी ही हवाई वाट पाऊणशे वर्षांहून जुनी. तरीही ग्वाल्हेरची माझी मावशी इकडे यायचं ठरलं की आधी फोन करून विचारते, ‘तुमच्याकडचं विमान चालू आहे का रे सध्या?’ त्या ‘सध्या’त लहान शहरांच्या विमानसेवेचं सगळं वेळापत्रक आलं.

हे ‘सध्या’ का सुटत नाही, हा माझ्या लेखाचा विषय आहे. लोकांकडे उत्तरं तयार असतात. प्रवासी कमी, इंधन महाग, विमानतळ लहान. त्यातलं विमानतळाचं कारण तर आमच्या प्रदेशात आता कुणी देऊ नये. ग्वाल्हेरचं नवं टर्मिनल मार्च २०२४ मध्ये झालं. रीवाचा विमानतळ त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झाला. दतिया आणि सतना या दोन्हींचं उद्घाटन ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या दिवशी, भोपाळच्या कार्यक्रमात झालं. इंदूरची मेट्रोही त्याच मांडवातून सुटली. इमारती उभ्या राहतात. विमानं भाड्याने मिळतात. प्रवासीही हळूहळू येतात, भाडं परवडलं तर. अडतं कुठे, तर डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर बसायला पात्र माणूस नसतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लहान शहरांसाठी सरकार सीटला अनुदान देतं, पण कॅप्टन घडवायला जो खर्च येतो तो कुणाचाच नाही असं धरून चालतं. तो मग पडतो वैमानिकाच्या घरच्यांवर आणि विमान क्षेत्रातल्या सगळ्यांत गरीब कंपनीवर. मोठ्या कंपन्या तयार माणूस उचलून नेतात आणि घडवणाऱ्याला दमडी देत नाहीत. माणूस जाऊ नये म्हणून नियमाने काय केलं, तर माणसालाच दाव्याला बांधलं. हे उलटं व्हायला हवं: दावं सोडा, आणि जो नेतो त्याच्याकडून घडणावळ घ्या.

आता हे ओळीने सांगतो.

उडान योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला तिचं पहिलं विमान उडालं. तेही पंख्याचंच होतं. योजनेचा गाभा सोपा आहे. कंपनीने विमानातल्या साधारण निम्म्या सीट सवलतीच्या दरात विकायच्या, तासाभराच्या उड्डाणाला सुरुवातीला २,५०० रुपये, आणि जी तूट येईल ती सरकार भरून देणार. तीन वर्षं. त्या तीन वर्षांत त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला येऊ द्यायचं नाही. पैसा कुठून? मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून आणि राज्यांकडून २० टक्के वाटा घेऊन. कल्पना वाईट नव्हती. मी तिच्याच जिवावर नोकरीला लागलो, तेव्हा खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत. पण कॅगने २०२३ च्या अहवालात ते मोजलेच. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ३७१ सुरू झाले. तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान थांबल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते ५४.

७७४ तले ५४. हा आकडा वाचला की लोक म्हणतात, बघा, मागणीच नव्हती. काही ठिकाणी नसेलही. पण मी हा आकडा कॉकपिटमधून वाचतो आणि मला त्यात दुसरंच एक कॅलेंडर दिसतं.

दोनशे तास उडून मुलगा कमर्शियल पायलट होतो. त्यावर तो उजव्या सीटवर बसू शकतो, को-पायलट म्हणून. एटीआरचा कॅप्टन व्हायला दुसरं लायसन्स लागतं, एटीपीएल, आणि त्याला दीड हजार तास लागतात. नियमाने वर्षाला हजार तासांच्या वर उडता येत नाही, पण लहान कंपनीत हजाराचा प्रश्न येतच नाही. दोन विमानं, त्यातलं एक हँगरात, दुसऱ्याचा सुटा भाग फ्रान्सच्या टूलूझहून यायचा. वर्षाला सहाशे-सातशे तास झाले तरी पुष्कळ. म्हणजे दोन वर्षं तासांची. मग एटीपीएलचे पेपर, मेडिकल, कमांडचं, म्हणजे कॅप्टनकीचं, ट्रेनिंग, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग, चेक. धरा, तीन-साडेतीन वर्षं. आता ही तीन वर्षं त्या तीन वर्षांशेजारी ठेवा. मार्ग सुरू झाला तेव्हा जो मुलगा उजवीकडे बसला तो डावीकडे बसण्याच्या लायकीचा होतो नेमका तेव्हा, जेव्हा अनुदान संपतं. मधल्या काळात कंपनी कॅप्टन आणते कुठून? निवृत्तीला आलेले, हवाई दलातून आलेले, किंवा परदेशी, ज्यांना डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था, तात्पुरती परवानगी देते. परदेशी माणूस डॉलरमध्ये पगार घेतो आणि सहा आठवडे उडून दोन आठवडे घरी जातो. अशा दोन कॅप्टनांच्या जिवावर चाललेल्या कंपनीत एकाला डेंगी झाला की दोन शहरांची सेवा ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ रद्द. प्रवाशाला वाटतं विमान बिघडलं. विमान बिचारं धुऊन-पुसून उभं असतं.

कॅप्टन ही किती दुर्मीळ वस्तू आहे हे देशाला डिसेंबर २०२५ मध्ये कळलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, आठवड्याला ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, आणि देशातल्या सगळ्यांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, हजारो उड्डाणं रद्द झाली. नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर होते. तरीही शेवटी नियमातूनच तात्पुरती सूट द्यावी लागली. सगळे टीव्हीवर सुटकेसांचे ढीग बघत होते. आमच्या क्रू रूममध्ये मुलांचे फोन वाजत होते, कारण मोठ्याला माणूस कमी पडला की तो लहानाकडे हात घालतो.

इथे कुणी विचारेल, देशात पायलट बेकार फिरतात ना? फिरतात. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ कमर्शियल लायसन्स दिली, तोवरचा विक्रम. यातली गंमत ज्याला कळली त्याला अख्खा प्रश्न कळला. उजव्या सीटसाठी रांग आहे, डाव्या सीटसाठी दुष्काळ आहे, आणि दोन्हींच्या मध्ये जो पूल आहे त्याचं नाव लहान विमान कंपनी. दोनशे तासांच्या मुलाला ती घेते, कारण तिला दुसरं कुणी मिळत नाही. ती त्याला दिवसाला पाच-सहा टेकऑफ-लँडिंग देते. मोठ्या जेटवरच्या मुलाला दिवसाला दोन-तीन लँडिंग, त्यातही निम्मी कॅप्टनची. वाऱ्याची, छोट्या रनवेची, ढगातून खाली येऊन परत वर जाण्याची जी सवय आमच्याकडे दोन वर्षांत लागते ती तिकडे पाच वर्षांत लागत नाही. म्हणजे लहान कंपनी ही शाळा आहे. फी न घेणारी शाळा, कारण पास झालेल्याला नेणारा तिला काही देत नाही.

खरं तर फी घेते, पण चुकीच्या माणसाकडून.

माझं सांगतो. फ्लाइंगला घरून चाळीस लाखांवर गेले. आता तेच पन्नासाच्या पुढे आहे. वडील बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना कर्जाचे कागद भरायची आयुष्यभराची सवय, पण स्वतःच्या घराची फाइल टेबलाच्या अलीकडून पुढे सरकवताना त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. लायसन्स हातात आल्यावर दीड वर्ष नोकरी नाही. मग एका लहान कंपनीने बोलावलं आणि सांगितलं, एटीआरचं टाइप रेटिंग तुम्ही करून या. टाइप रेटिंग म्हणजे त्या एका जातीचं विमान चालवायचा परवाना. मोटारीचं लायसन्स असलेल्याला ट्रकवर बसवण्याआधी शिकवावं तसं, फक्त याला पंधरा लाखांच्या वर लागले. आणि वर तीन वर्षांचा बॉण्ड. माझ्याच पैशाने मी शिकलो आणि त्याबद्दल मीच बांधला गेलो.

आमच्याकडे सरकारी मेडिकल कॉलेजातून निघालेल्या डॉक्टराला गावात सेवा देण्याचा बॉण्ड असतो. त्यावर कुरकुर होते, पण त्यामागचा न्याय कुणालाही पटतो: जनतेने शिकवलं, थोडी सेवा जनतेला द्या. वैमानिकाच्या बॉण्डमागे हा न्यायच नाही. मला जनतेने शिकवलं नाही, कंपनीनेही अर्धवटच शिकवलं. मला लोकमान्य नगरातल्या दोन खोल्या आणि गच्चीने शिकवलं.

बॉण्ड एक वेळ खासगी करार म्हणून सोडून देऊ. नोटीस तर सरकारी आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये डीजीसीएने नियम केला: को-पायलटने नोकरी सोडायची तर सहा महिने आधी सांगायचं, कॅप्टनने वर्षभर आधी. जुन्या कंपनीच्या ना-हरकत दाखल्याशिवाय नवी कंपनी घेणार नाही. कारण दिलं प्रवाशांच्या हिताचं, की पायलट अचानक गेले तर उड्डाणं रद्द होतात. कारण खोटं नाही. कंपनीने पगार कापला किंवा अटी बदलल्या तर ही नोटीस लागू राहत नाही, असंही त्यात आहे. कागदावर. दाखला मात्र त्याच कंपनीकडून घ्यायचा असतो जिने पगार कापला. दाखल्यासाठी खेटे घालून ज्याचे जोडे झिजले नाहीत त्याने या कलमाचं कौतुक करावं.

आणि ही नोटीस एकतर्फी आहे. माझी पहिली कंपनी बंद पडली तेव्हा मला किती आधी कळलं? आदल्या रात्री सव्वाअकराला. सराफ्यात मित्रांबरोबर उभा होतो, हातात गराडूची प्लेट, आणि मोबाइलवर मेसेज आला की उद्याचा रोस्टर रद्द. परवाचाही. चार महिन्यांचा पगार आधीच थकलेला होता. तो ‘येत्या आठवड्यात’ होता, तिथेच राहिला. मी नाव घेणार नाही, आणि नाव महत्त्वाचंही नाही, कारण हे कुणा एकाचं नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, ट्रूजेट २०२२ च्या फेब्रुवारीत. याच इंदूरहून जानेवारी २०२१ मध्ये फ्लायबिग सुरू झाली तेव्हा किती कौतुकाने आम्ही टेकडीवरून तिचं एटीआर उतरताना पाहिलं होतं. काही काळाने तिने आपला मोहरा ईशान्येकडे वळवला. कंपनीला मार्ग सोडायला वर्षाची नोटीस लागत नाही. शहराला तर कुणी नोटीस देतच नाही.

वर्षभराच्या नोटिशीने माणूस राहतो का, हेही बघू. सप्टेंबर २०२३ मध्ये आकासासारखी भांडवल असलेली कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, कारण तिचे ४३ पायलट नोटीस न पाळता निघून गेले होते. नियम सहा वर्षांचा जुना झाला होता तेव्हा. ज्याला जायचं तो जातो. कोर्टाची भीती बाळगणारा राहतो, पण मनाने गेलेला असतो. आणि मनाने गेलेला कॅप्टन तुमच्या मुलाबाळांना घेऊन पावसात उतरावा, हे प्रवाशांचं हित आहे असं मला वाटत नाही.

या जागी मला ओळखीचे लोक थांबवतात. ‘भिया, लाखांत पगार घेता आणि रडता?’ प्रश्न रास्त आहे. एटीआरच्या कॅप्टनचा पगार इंदूरच्या बहुतेक घरांपेक्षा जास्त आहे, मी नाकारत नाही, आणि माझ्यासाठी मोर्चा काढा असं माझं म्हणणंही नाही. पण दोन गोष्टी. एक, तो पगार मोठ्या अंशी उडालेल्या तासांवर असतो, आणि तास मोजतात चाकाखालचा ठोकळा काढल्यापासून ठोकळा लागेपर्यंत. ग्वाल्हेरला धुक्यात तीन तास बसलो तर ते तास ड्यूटीत धरतात, पैशात धरत नाहीत. दोन, ही तक्रार पगाराची नाहीच. लाखांत पगार घेणारा माणूससुद्धा जिथून पळू बघतो ती जागा टिकणार कशी, असा प्रश्न आहे.

तो का पळतो, हे समजायला त्याचं काम एकदा जवळून बघावं लागेल. मे महिना, ग्वाल्हेर, दुपारी दोन. हा हवाई दलाचा तळ, मिराजचं घर, आपण पाहुणे. बाहेर ४४ अंश. एटीआरला एपीयू नसतो, म्हणजे उभं असताना एसी चालवायला वेगळं छोटं इंजिन नसतं. मग उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून धरायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. याला म्हणतात हॉटेल मोड. हॉटेलचा एसी तुम्हाला माहीत आहेच, बाहेरच्या धगीपुढे तो फक्त आवाज करतो. गरम हवा पातळ, पंखा तिला नीट पकडू शकत नाही, म्हणून हिशेब करायचा आणि कधी कधी चार प्रवासी किंवा वीस बॅगा खाली ठेवायच्या. ते चार कोण, हे ठरवणाऱ्या ग्राउंड स्टाफच्या मुलीला शिव्या खाव्या लागतात. मागच्या दाराशी आजीबाई लाडूंचा डबा छातीशी धरून विचारतात, ‘माझी पेटी येते ना रे बाळा?’ पंचवीस मिनिटांत हे सगळं, आणि पुढचा सेक्टर, म्हणजे पुढचं उड्डाण. हा आजचा चौथा. अजून दोन.

पंख्याचं म्हणजे सोपं, हा काकांचा समज तर कुणीतरी पुसून टाकायला हवा. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळात पोखऱ्याला एटीआर-७२ पडलं, ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं की उतरताना फ्लॅपच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपांच्या, लिव्हरऐवजी पंख्यांचे लिव्हर ओढले गेले. पंखे हवेला आडवे न राहता सुरीसारखे उभे झाले आणि ओढ संपली. त्या क्रूचा तो त्या सकाळचा तिसरा सेक्टर होता. लिव्हर शेजारी शेजारीच असतात. हे लिहितानाही माझा हात आपोआप हवेत त्या जागा चाचपून आला.

अमेरिकेला हा धडा आपल्याआधी मिळाला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन या लहान कंपनीचं पंख्याचं विमान पडलं आणि ५० माणसं गेली. विमान एका मोठ्या कंपनीच्या नावाने उडत होतं, तिकिटावर मोठं नाव, कॉकपिटमध्ये लहान कंपनीचा क्रू. को-पायलट रात्रभर देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आली होती. चौकशीत थकवा आला, प्रशिक्षण आलं, आणि लहान कंपनीतल्या तुटपुंज्या पगाराचीही चर्चा झाली. पुढे तिथे को-पायलटलाही दीड हजार तासांची अट लागली. माणसं कमी पडली, लहान शहरांच्या फेऱ्या तुटल्या, आणि मग २०२२ मध्ये लहान कंपन्यांना पगार भराभर वाढवावे लागले. पण त्यांच्याकडे एक चांगली गोष्ट आधीपासून आहे: लहान कंपनीतून मोठ्या कंपनीत जायचा ठरलेला, क्रमाने जाणारा रस्ता. मुलाला माहीत असतं की अमुक वर्षं इथे इमानाने केली की तिकडची जागा आपली. त्यामुळे तो रात्री लपून मुलाखतीला जात नाही.

आपल्याकडे कसा जातो ते सांगतो. माझा एक जवळचा मित्र आमच्याकडे कॅप्टन होता, चार पट्ट्यांचा. मोठ्या कंपनीने त्याला जेटवर घेतलं, पण को-पायलट म्हणून. नवं विमान, पुन्हा उजवी सीट. पगार तरी जास्त. आणि मुख्य म्हणजे पहिल्या तारखेला येणारा. निघायच्या आदल्या रात्री त्याच्या बायकोने नव्या शर्टाच्या खांद्यावर तीन पट्ट्यांची पट्टी चढवली आणि जुनी चार पट्ट्यांची देवघराच्या खणात ठेवली. तो हसत होता. मी गेलो, चहा घेतला, बसलो. पंख्याच्या विमानाचा एक कॅप्टन त्या खणात गेला आणि मध्य प्रदेशातल्या दोन शहरांचं सकाळचं विमान महिनाभर आठवड्यातून तीनदाच उडालं.

तर करायचं काय? फुटबॉलवाल्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. लहान क्लबने पोराला घडवलं आणि मोठ्याने उचललं, तर मोठ्याने घडवण्याची भरपाई द्यायची. फिफाचा २००१ पासूनचा नियम आहे. खेळाडूला कुणी वर्षभर दाव्याला बांधत नाही. हाच न्याय इथे लावा. को-पायलटला किती तास उडवलं, किती सिम्युलेटर दिलं, कमांड दिली की नाही, याच्या नोंदी डीजीसीएकडे आणि लॉगबुकात असतातच. त्यावरून एक रक्कम ठरवा, दरवर्षी कमी होत जाणारी. माणूस गेला की नेणारी कंपनी ती रक्कम जुन्या कंपनीला देईल. टाइप रेटिंग मुलाने स्वतःच्या पैशाने केलं असेल तर तेवढा हिस्सा मुलाला. आणि नोटीस सगळ्यांसाठी सारखी, तीन महिने. रोस्टर लावायला तीन महिने पुरतात. ज्याला पुरत नाहीत त्याला बारा महिनेही पुरणार नाहीत.

मोठ्या कंपन्या म्हणतील, मग आम्ही लहान कंपन्यांतून घेणारच नाही. घेतील. स्वतः शून्यापासून कॅप्टन घडवायला वर्षं लागतात आणि परदेशी कॅप्टन याहून महाग पडतो. त्यांच्याकडचे हिशेबनीस माझ्यापेक्षा हुशार आहेत. उलट लहान कंपनीचे मालक काय करतील याची मला जास्त काळजी आहे. भरपाईची चटक लागून एखादा मालक विमान चालवायचं सोडून पायलटच विकत बसेल. म्हणून ही रक्कम मालकाच्या खिशात नको. ती पुढच्या मुलाच्या प्रशिक्षणावरच खर्च झाली पाहिजे, आणि झाली का हे तपासलं पाहिजे. तपासणार कोण, हा प्रश्न मी टाळत नाही. डीजीसीएकडेच माणसं कमी आहेत. पण कुठला लिव्हर ओढला हे ज्यांना काळ्या पेटीतून काढता येतं त्यांना पैसा कुठे गेला हे हिशेबाच्या वहीतून काढता येईल.

दुसरी गोष्ट अनुदानाची. २०२५ च्या अर्थसंकल्पात उडानचा नवा अवतार जाहीर झाला: दहा वर्षांत १२० नवी ठिकाणं आणि चार कोटी प्रवासी. त्या घोषणेत वैमानिकाचा आकडा नव्हता. १२० ठिकाणांना कॅप्टन किती लागतील, ते आज कुठल्या सीटवर बसलेत, याचा हिशेब मार्ग देण्याआधी मागायला काय हरकत आहे? टर्मिनलचे नकाशे मागतोच ना. जी कंपनी अनुदान घेते तिने पगार वेळेवर दिल्याचा दाखला दर महिन्याला जोडावा आणि नाही जोडला तर त्या महिन्याचं अनुदान थेट कर्मचाऱ्यांच्या खात्यात जावं. जनतेचा पैसा आहे. तो सीट उडवायला दिलाय, आणि सीट काही आपणहून उडत नाही. तीन वर्षांची मुदतही मार्गाला न लावता क्रूला लावून बघावी: कंपनीने त्या काळात स्वतःचे किती कॅप्टन तयार केले त्यावर पुढची दोन वर्षं द्यायची की नाही हे ठरवा.

मी हे सगळं इथे मांडतोय, आणि खरं सांगायचं तर मलाही मोठ्या कंपनीतून दोनदा विचारणा झाली आहे. गेलो नाही, त्यात त्याग वगैरे काही नाही. आईचे गुडघे, मुलीची शाळा, आणि संध्याकाळी साडेसातला उतरून आठच्या सुमारास घरच्या जेवणाच्या टेबलाशी बसता येणं. जेटवर हे मिळत नाही. पण माझ्या शेजारी उजवीकडे बसणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला मी कुठल्या तोंडाने सांगू की थांब?

गेल्या मंगळवारीच झालं. सकाळचा दुसरा सेक्टर, ग्वाल्हेरकडे जाताना, सतरा हजार फुटांवर. खाली शिवपुरीकडची जंगलं. देवासचा मुलगा आहे, सागरजवळ ढाण्याला फ्लाइंग केलेलं, हात मऊ, आडव्या वाऱ्यात माझ्यापेक्षा छान उतरवतो. त्याच्या लॉगबुकात १,४८६ तास झालेत. चौदा राहिले, तीन ड्यूट्यांचं काम. पुढच्या महिन्यात त्याची कमांडची फाइल मला पुढे पाठवायची आहे. चहाचा कागदी कप ठेवत तो म्हणाला, ‘सर, एक विचारू? आत्ता राजीनामा दिला तर नोटीस सहा महिन्यांची. कमांड झाल्यावर दिला तर वर्षाची. मग कमांड घ्यायच्या आधीच दिलेला बरा ना?’

हिशेब त्याने बरोबर केला होता. मी थोडा वेळ समोरच्या ढगाकडे बघत राहिलो.

‘आधी ग्वाल्हेरला बोल,’ मी म्हटलं, ‘खाली यायची परवानगी माग.’